एक वही, दोन हंगाम: फिलाडेल्फिया, ऑक्टोबर-नोव्हेंबर 2022 (प्रकल्प नोंदी)

3 ऑक्टोबर, सोमवार

ह्यूस्टनमध्ये आज रात्री आमच्या फिलीज या बेसबॉल संघाने ॲस्ट्रोजला 3-0 असे हरवले आणि 2011 नंतर पहिल्यांदाच बाद फेरी गाठली. ॲरन नोलाने सातव्या डावात दोन गडी बाद होईपर्यंत समोरच्या एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवू दिला नाही. जूनच्या आरंभी हाच संघ 22 विजय आणि 29 पराभव अशा अवस्थेत होता, व्यवस्थापक बदलावा लागला होता आणि आमच्या घरात बेसबॉलचा विषयच निघेनासा झाला होता. इकडे आमच्या फुटबॉल संघाने, ईगल्सने, काल भर पावसात जॅक्सनव्हिलला 29-21 असे नमवून सलग चौथा सामना जिंकला आहे. 2012 साली मी या भागात राहायला आलो, तेव्हापासून बेसबॉलची बाद फेरी आणि फुटबॉलचा हंगाम यांनी मिळून असा ऑक्टोबर एकदाही दिलेला नाही.

म्हणून आजपासून ही वही सुरू करत आहे. डावे पान बेसबॉलचे, लाल शाईने. उजवे पान फुटबॉलचे, हिरव्या शाईने. इथे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ, हे सांगलीच्या काकांसाठी पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे, कारण प्रत्येक सामन्यानंतर पानाचा फोटो त्यांना जाणार आहे. बाबा ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत आणि उजव्या पानाची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली आहे. तरुणपणी ते कबड्डी खेळलेले असल्यामुळे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याचा हिशेब त्यांना दोन रविवारांत समजला. बेसबॉलमध्ये मात्र चेंडू सीमेपार गेला तरी तो फाउल कसा ठरतो, हे त्यांना अजून मान्य नाही.

5 ऑक्टोबर, बुधवार, दसरा

सकाळी बाबांनी वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस पाटीपूजनाची सरस्वती काढली, आणि संध्याकाळी दोन्ही खेळांच्या वेळापत्रकाचा तक्ता भिंतीवर लागला. आजच बेसबॉलचा 162 सामन्यांचा नियमित हंगाम संपला. फिलीजचे 87 विजय झाले आणि बाद फेरीत सर्वांत शेवटची, सहावी जागा त्यांना मिळाली. यंदा दोन्ही लीगमधून मिळून बारा संघ घेण्याची पद्धत सुरू झाली नसती, तर ही वहीच निघाली नसती.

तक्ता आखताना दोन हंगाम एकमेकांवर का चढतात हे नीट समजून घेतले. एरवीही बेसबॉलचा शेवटचा महिना आणि फुटबॉलचा दुसरा महिना एकच असतो. यंदा मात्र मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे 2 डिसेंबर ते 10 मार्च असा टाळेबंदीचा काळ गेला, हंगाम 31 मार्चऐवजी 7 एप्रिलला सुरू झाला, आणि त्यामुळे वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, थेट नोव्हेंबरमध्ये ढकलली गेली. दुसऱ्या बाजूने फुटबॉलनेही आपले पाय पसरले आहेत: गेल्या वर्षापासून 16 ऐवजी 17 सामने, आणि रविवारखेरीज सोमवार व गुरुवारची रात्रही त्यांचीच. बेसबॉलचे वेळापत्रक करणाऱ्यांनी वर्ल्ड सिरीज शुक्रवारी सुरू करून मधला रविवार प्रवासासाठी मोकळा ठेवला आहे. फुटबॉलच्या दिवसाला वाट करून दिल्याची ती खूण आहे, असे मी मानतो.

मग प्रश्न उरतो तो घरातल्या एका दूरदर्शन संचाचा. दोन सामने एकाच वेळी आले तर आवाज कोणत्या सामन्याचा ठेवायचा? 162 ला 17 ने भागले तर साडेनऊ येतात, म्हणजे नियमित हंगामात फुटबॉलचा एक सामना बेसबॉलच्या साडेनऊ सामन्यांइतका मोलाचा. उन्हाळ्यात हा प्रश्न त्यामुळे पडतच नाही. बाद फेरीत हे गणित उलटे होते. पहिली मालिका तीन सामन्यांची, दुसरी पाचांची, पुढच्या दोन सातांच्या. तिथे एका रात्रीत सारा उन्हाळा संपू शकतो. त्यावरून पहिला नियम लिहिला: जो पराभव भरून काढता येणार नाही, त्या सामन्याला आवाज. बाबांनी तो वाचला, हिरव्या पेनाने त्याखाली सही केली आणि म्हणाले, "बघू, अशी वेळ आली तर."

9 ऑक्टोबर, रविवार

तीन दिवसांत दोन वेगवेगळ्या कार्डिनल्स संघांना हरवल्यामुळे काकांना फोन करून समजावून सांगावे लागले. शुक्रवारी आणि शनिवारी सेंट लुइसमध्ये बेसबॉलचे कार्डिनल्स, आज ॲरिझोनात फुटबॉलचे. गंमत नव्हे, इतिहासच तसा आहे: फुटबॉलचे कार्डिनल्सही 1960 ते 1987 सेंट लुइसमध्येच खेळत होते आणि नंतर ॲरिझोनाला गेले.

शुक्रवारचे पान मी आयुष्यभर जपून ठेवीन. आठ डावांत फिलीजच्या रकान्यात केवळ शून्ये होती आणि नवव्या डावात ते 0-2 असे मागे होते. त्यानंतर चेंडू सोडून मिळालेले बेस, अंगावर बसलेला चेंडू आणि जीन सेगुराचा उजवीकडे निसटलेला फटका, असे करत एकाच डावात सहा धावा झाल्या. तो चौकोन इतका भरला की शेवटच्या दोन धावा समासात लिहाव्या लागल्या. शनिवारी नोला आणि ब्राइस हार्परचा होम रन (चेंडू कुंपणापार), 2-0, मालिका संपली. ॲल्बर्ट पुहोल्स आणि यादिएर मोलिना या दोन थोर खेळाडूंचा तो अखेरचा सामना ठरला, आणि लाल शाईने विजय लिहितानाही त्यांच्या नावांपुढे थोडी जागा मोकळी सोडावी असे मला वाटले.

आज ईगल्सने 20-17 असा निसटता विजय मिळवला. ॲरिझोनाच्या किकरचा अखेरचा फटका खांबांच्या बाहेर गेला. पाच सामने, पाच विजय.

16 ऑक्टोबर, रविवार, मध्यरात्रीनंतर

गेल्या साठ तासांत पॅटिसन अव्हेन्यूच्या दोन्ही बाजूंना मिळून तीन मोठे सामने झाले. रस्त्याच्या उत्तरेला बेसबॉलचे सिटिझन्स बँक पार्क, सुमारे 43 हजार आसनांचे. दक्षिणेला फुटबॉलचे लिंकन फायनान्शिअल फील्ड, सुमारे 69 हजारांचे. वाहनतळ दोघांना सामाईक. शहराच्या दक्षिण टोकाला हे सारे एकाच जागी असल्यामुळे इथे हंगाम एकमेकांवर येतात ते केवळ दिनदर्शिकेत नव्हे, तर रस्त्यावरही.

शुक्रवारी अकरा वर्षांनंतर या शहरात बेसबॉलच्या बाद फेरीचा सामना झाला. अटलांटाने तिसऱ्या डावात काइल श्वार्बरला मुद्दाम पहिला बेस देऊन रिस हॉस्किन्सशी सामना पत्करला. हॉस्किन्स आदल्या काही सामन्यांत चाचपडत होता आणि त्याच्यावर टीकाही झाली होती. त्याने स्पेन्सर स्ट्रायडरचा चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला आणि बॅट दोन्ही हातांनी जमिनीवर आपटली. त्या आपटण्यात एका माणसाची कितीतरी दिवसांची घुसमट मोकळी झाली, असे मला पाहताना जाणवले. वहीत अशा गोष्टीसाठी चिन्ह नाही. मी तीन धावांच्या आकड्याखाली जाड रेघ ओढली. सामना 9-1. शनिवारी जे. टी. रियलमुटोने चेंडू मैदानातच असताना चारही बेस धावून पुरे केले, 8-3, आणि गेल्या वर्षीचे विजेते घरी गेले.

मालिका चौथ्याच सामन्यात संपली हे वहीच्या दृष्टीने फार बरे झाले. पाचवा सामना झाला असता तर तो आज अटलांटात झाला असता आणि आज रात्रीच रस्त्यापलीकडे डॅलस काउबॉइज आले होते. ईगल्सने तो सामना 26-17 असा जिंकला. बाबांच्या पानावर आता त्यांची स्वतःची लिपी तयार झाली आहे: प्रत्येक चढाईसाठी एक बाण, बाणाच्या टोकाला यार्डाचा आकडा, आणि चौथ्या प्रयत्नात किक न मारता पुढे जायचे ठरवले तर त्याभोवती वर्तुळ. ईगल्सच्या पानावर अशी वर्तुळे पुष्कळ असतात. एकेका यार्डासाठी ईगल्सची चढाई चालवणारा जेलन हर्ट्स समोरच्या भिंतीत घुसतो आणि मागचे खेळाडू त्याला ढकलतात, तेव्हा बाबा खुर्चीवरून पुढे सरकतात. "साखळी आहे ही, साखळी," असे ते आज तीन वेळा म्हणाले.

23 ऑक्टोबर, रविवार

या आठवड्यात ईगल्सना विश्रांती होती, त्यामुळे उजवे पान कोरे राहिले आणि डाव्या पानावर फिलीजने बेसबॉलच्या दोन लीगपैकी आपल्या नॅशनल लीगचे विजेतेपद मिळवून वर्ल्ड सिरीज गाठली.

आजचा दिवस पहाटे चारलाच सुरू झाला, कारण मेलबर्नला भारत-पाकिस्तान सामना होता. 160 धावांचे लक्ष्य, चार बाद 31, आणि तिथून विराट कोहलीच्या नाबाद 82; शेवटच्या चेंडूवर विजय मिळाला तेव्हा बाहेर पुरते उजाडले होते. बाबांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यानंतर दोन तास झोपून, घरात दिवाळीचे आकाशकंदील लावून, दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही पुन्हा तिथेच बसलो.

सॅन डिएगोविरुद्धचा हा पाचवा सामना, मालिकेत 3-1 आघाडी. सातव्या डावात पाऊस जोरात आला, चेंडू पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातातून निसटू लागला आणि सॅन डिएगोच्या पाड्रेजने 3-2 अशी आघाडी घेतली. आठव्या डावात एक खेळाडू बेसवर असताना हार्पर आला. समोर रॉबर्ट सुआरेझ. हार्परने एकेक चेंडू फाउल करत स्वतःला जिवंत ठेवले आणि मग बाहेरच्या बाजूचा वेगवान चेंडू डावीकडच्या कुंपणापार पाठवला. 4-3. बेसबॉलला घड्याळ नसते म्हणून तो संथ आहे असे म्हणणाऱ्यांनी ही एक लढत पाहावी. फुटबॉलमध्ये आघाडीवर असलेला संघ गुडघा टेकवून उरलेली मिनिटे संपवू शकतो, इथे मात्र समोरच्याला शेवटची संधी द्यावीच लागते. बाबांनी आज पहिल्यांदा लाल पेन मागून घेतले आणि तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला.

30 ऑक्टोबर, रविवार

वर्ल्ड सिरीज 1-1. शुक्रवारी ह्यूस्टनमध्ये 0-5 अशा पिछाडीवरून दहाव्या डावात रियलमुटोच्या होम रनने 6-5. काल 2-5 असा पराभव. आज प्रवासाचा दिवस, म्हणून आज ईगल्स.

सामन्याची तिकिटे आमच्या आवाक्याबाहेरची होती, तरी बाबांना ती जागा दाखवायची म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या भुयारी गाडीने शेवटच्या स्थानकापर्यंत गेलो. डब्यात हिरवे सदरे आणि लाल टोप्या एकत्र होत्या. कित्येकांच्या अंगावर दोन्ही होते. वाहनतळावर गाड्यांमागे शेगड्या पेटल्या होत्या. मला हवी होती ती खूण बराच वेळ सापडेना. या वाहनतळाच्या जागी पूर्वी व्हेटरन्स स्टेडियम होते. 1971 पासून फिलीज आणि ईगल्स दोघेही तिथे खेळत, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच कृत्रिम गवतावर एकदा बेसबॉलची, एकदा फुटबॉलची आखणी होत असे. 2004 च्या मार्चमध्ये ते पाडले. पण होम प्लेट, पिचरचा उंचवटा, तिन्ही बेस आणि फुटबॉलचे गोलखांब कुठे होते ते दाखवणारे ग्रॅनाइटचे दगड डांबरात बसवलेले आहेत. दोन मोटारींच्या मधोमध होम प्लेटचा दगड सापडला. शेजारच्या शेगडीवरच्या गृहस्थांनी आम्ही काय शोधत आहोत हे ओळखून आपली खुर्ची बाजूला घेतली.

बाबा त्या दगडावर उभे राहिले आणि मी त्यांना 1980 ची गोष्ट सांगितली. त्या ऑक्टोबरच्या 21 तारखेला याच जागी फिलीजने कॅन्सस सिटीला हरवून पहिले जगज्जेतेपद मिळवले. मैदानावर माइक श्मिट, स्टीव्ह कार्लटन, टग मॅकग्रॉ. त्याच हंगामात प्रशिक्षक डिक व्हर्मील यांच्या ईगल्सनी सुपर बोल हा फुटबॉलचा अंतिम सामना गाठला आणि जानेवारीत ते ओकलंडकडून हरले. फिलीजच्या मागोमाग ईगल्स, दोघेही एकाच हंगामात अंतिम लढतीपर्यंत पोहोचण्याची ती पहिली वेळ, आणि तीही एकाच गवतावरून. आज तेच दोन संघ रस्त्याच्या दोन बाजूंना राहतात, आणि तरीही त्या दगडापाशी मला ते एकाच घरचे वाटले.

परतीच्या गाडीत फोनवर आकडे येत होते. पिट्सबर्गविरुद्ध 35-13, ए. जे. ब्राउनचे तीन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार). 7-0.

31 ऑक्टोबर, सोमवार

पावसामुळे तिसरा सामना उद्यावर गेला. तक्त्यावर एक चौकोन सरकवला तेव्हा त्याचा अर्थ लक्षात आला. मूळ आखणीप्रमाणे पाचवा सामना बुधवारी होता. आता तो गुरुवारी, 3 नोव्हेंबरला रात्री आठ वाजून तीन मिनिटांनी. त्याच गुरुवारी रात्री सव्वाआठला ईगल्स ह्यूस्टनमध्ये टेक्सन्सशी खेळणार आहेत. फिलाडेल्फियात ह्यूस्टनचा बेसबॉल संघ आणि ह्यूस्टनमध्ये फिलाडेल्फियाचा फुटबॉल संघ, बारा मिनिटांच्या अंतराने. लाल आणि हिरवा रंग एकाच चौकोनात पहिल्यांदाच आला.

2 नोव्हेंबर, बुधवार

काल 7-0, एकाच पिचरला पाच होम रन. त्यातला ॲलेक बोमचा हा वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातला हजारावा. आज 0-5, आणि आपल्या एकाही खेळाडूचा एकही हिट नाही. ह्यूस्टनच्या चार पिचरनी मिळून ते साधले. 1956 मधल्या डॉन लार्सनच्या कामगिरीनंतर वर्ल्ड सिरीजमध्ये असे दुसऱ्यांदाच घडले आहे. आजचे डावे पान रिकाम्या चौकोनांचे आहे आणि ते मी पूर्ण लिहिले.

3 नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी जेवतानाच बाबांनी नियमाचा मुद्दा काढला. "अरे, तुझ्याच नियमाप्रमाणे बघ. मालिका 2-2 आहे. आज हरले तरी शनिवार आहेच की." त्यांचे म्हणणे बरोबर होते. शिवाय 1933 साली स्थापन झालेल्या ईगल्सनी आजवर एकदाही पहिले आठ सामने ओळीने जिंकलेले नव्हते. पहिल्यांदा घडणारी गोष्ट एकदाच घडते, आणि ती पाहायची राहिली तर तीही भरून निघत नाही. जेलन हर्ट्स तर ह्यूस्टनच्याच परिसरात वाढलेला, त्याच्यासाठी ही घरची रात्र. माझी बाजू एवढीच होती की या वर्षातला या शहरातला बेसबॉलचा हा शेवटचा सामना आहे, पुढचे सारे ह्यूस्टनला, आणि एप्रिलपर्यंत मला ते मैदान दिवे लागलेले दिसणार नाही. नियमाने निर्णय होईना. शेवटी बाबाच म्हणाले, "तू तुझे पान लिही, मी माझे लिहितो."

दिवाणखान्यात दूरदर्शनवर अँटेनाने बेसबॉल, आवाजासह. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपवर इंटरनेटने फुटबॉल, बाबांच्या कानाला हेडफोन. इंटरनेटचे चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागे असल्यामुळे दोघांचेही फोन दुसऱ्या खोलीत ठेवले. श्वार्बरने पहिल्याच डावात जस्टिन व्हर्लँडरला होम रन मारून 1-1 बरोबरी केली, तेव्हा माझा आवाज ऐकून बाबांनी न विचारता अंगठा वर केला. चौथ्या डावात हेरेमी पेन्याने ह्यूस्टनला पुढे नेले. तिकडे मध्यंतराला 14-14, आणि तोवर एकच सामना जिंकलेल्या संघाविरुद्ध ही स्थिती पाहून बाबांचे बाण वहीत खोलवर उमटू लागले होते. मला ते बाण दिसत होते, पण सामना दिसत नव्हता. हे अंतर मला मनापासून सलले.

ईगल्सचा सामना आधी संपला: 29-17, 8-0. बाबांनी तारखेखाली दुहेरी रेघ ओढली, हेडफोन काढले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. फिलीज 1-3 मागे होते. आठव्या डावात सेगुराच्या फटक्याने 2-3 झाले, दोन खेळाडू बेसवर, आणि श्वार्बरचा जमिनीलगतचा सणसणीत फटका ह्यूस्टनकडून बदली आलेल्या ट्रे मॅन्सिनीच्या ग्लोव्हमध्ये अडकला. नवव्या डावात रियलमुटोने उजव्या-मध्य कुंपणाकडे उंच चेंडू मारला. ह्यूस्टनच्या चॅस मॅककॉर्मिकने धावत जाऊन उडी घेतली, कुंपणावर आदळून तो मातीवर पाठीवर पडला आणि चेंडू हातात होता. "हा मेलबर्नला असता तरी बाद," बाबा हळू आवाजात म्हणाले. शेवटचा गडी बाद झाल्यावर मध्यरात्र झाली होती.

दोन्ही पानांचा एकत्र फोटो काकांना पाठवला. पहिला नियम खोडला नाही. त्याच्या बाजूला "दोन माणसे असल्यास लागू नाही" एवढे लिहिले.

5 नोव्हेंबर, शनिवार

ह्यूस्टन 4, फिलीज 1. श्वार्बरच्या होम रनने सहाव्या डावात आघाडी मिळाली आणि त्याच डावात झॅक व्हीलरला 70 चेंडूंनंतर बाहेर काढल्यावर योर्दान अल्वारेझने होसे अल्वाराडोला तीन धावांचा फटका मारला. व्हीलर इतका सुरेख टाकत होता की तो निर्णय मला आजही पटत नाही, उद्याही पटणार नाही. दुपारी याच भागातला फिलाडेल्फिया युनियन हा सॉकर संघही लॉस एंजेलिसमध्ये अंतिम सामना पेनल्टींवर हरला होता. 128 व्या मिनिटाला गॅरेथ बेलने बरोबरी साधली नसती तर चषक इकडे आला असता. त्यासाठी आमच्या वहीत रकाना नव्हता. बाबांनी मधल्या शिवणीजवळ पेन्सिलीने तो निकाल लिहिला.

6 नोव्हेंबर, रविवार

सातव्या सामन्यासाठी राखलेला चौकोन रिकामा आहे, आणि ईगल्स गुरुवारीच खेळून मोकळे झाल्यामुळे त्यांचाही रिकामा आहे. वही सुरू झाल्यापासून दोन्ही रंग नसलेला हा पहिला रविवार. पहाटे इथली घड्याळे एक तास मागे गेली, म्हणून तक्त्यावरच्या भारतीय वेळा दुरुस्त कराव्या लागल्या. आता सांगली साडेदहा तास पुढे. डाव्या पानांना मी क्रमांक घातले, कोऱ्या उरलेल्या पानांना क्लिप लावली आणि लाल पेन बाबांच्या चष्म्याच्या घरात ठेवून दिले, कारण ते हरवणार नाही अशी घरात तेवढीच जागा आहे. बाबा टेबलावर पट्टी घेऊन पुढचे पान आखत आहेत: 14 नोव्हेंबर, सोमवार, वॉशिंग्टन, रात्री सव्वाआठ, सांगलीत मंगळवारी सकाळी पावणेसात.